आसनं देताना वाट मागून घ्या

प्रति,
मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

२६ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री कोलकात्याहून इंडिगोचं विमान ग्वांगझूला निघालं आणि २०२० पासून बंद पडलेली भारत-चीन थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली. पंधरवड्यातच शांघायहून चायना ईस्टर्नचं विमान दिल्लीत उतरलं. एअर इंडियानेही दिल्ली-शांघाय सुरू करण्याची घोषणा केली. या बातम्या वाचून मला मनापासून बरं वाटलं. शेजारी देशात जायला बँकॉक नाहीतर सिंगापूरचा वळसा घालावा लागणं हे कुणाच्याच हिताचं नव्हतं. पण त्याच आठवड्यात मी जुन्या सवयीने जगाचा नकाशा टेबलावर पसरला, आणि तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. ती तुमच्यापर्यंत पोचवावी म्हणून हे पत्र. थोडक्यात ती अशी: चिनी कंपन्यांना भारताच्या फेऱ्यांसाठी आणखी आसनं देताना, चीनच्या आकाशातून जायची वाट आपल्या विमानांसाठी मागून घ्या. तुम्ही पुण्याचे खासदार आहात, मी तुमचा शेजारचा चिंचवडकर, आणि हे खातं तुमच्याकडे आहे.

मी तीस वर्षं मुंबई विमानतळावर फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम केलं. प्रवाशांना आमचं काम दिसत नाही. उड्डाणाआधी वैमानिकाच्या हातात एक कागद पडतो. कुठल्या देशावरून जायचं, किती उंचीवरून, वारा कुठला, इंधन किती टन, वाटेत इंजिन बंद पडलं किंवा कुणाला हृदयविकाराचा झटका आला तर कुठल्या धावपट्टीवर उतरायचं, हे सगळं त्या कागदावर असतं. तो कागद आम्ही करतो. त्यामुळे विमान कंपन्यांची स्पर्धा म्हटलं की लोकांना तिकिटाचा दर आठवतो आणि मला आधी वाट आठवते. चिनी कंपन्यांनी गेल्या चार वर्षांत लांब पल्ल्याच्या मार्गांवर जी मुसंडी मारली आहे, तिची सुरुवात वाटेपासूनच झाली.

युरोपात काय झालं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे त्याची चर्चा फार झाली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. पाश्चात्त्य देशांनी रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं, रशियाने उलट त्यांना बंद केलं. युरोपातून चीन, जपान, कोरियाला जायची सरळ वाट सायबेरियावरून जाते. ती वाट युरोपच्या कंपन्यांसाठी एका रात्रीत नाहीशी झाली. चिनी कंपन्यांसाठी ती जशीच्या तशी राहिली.

सगळ्यात मोठा फटका फिनलंडच्या फिनएअरला बसला. हेलसिंकी हे आशियाला युरोपातलं सर्वांत जवळचं मोठं विमानतळ, यावरच या कंपनीने आपला सगळा डाव मांडला होता. एक विमान हेलसिंकीहून पूर्व आशियात जाऊन चोवीस तासांत परत येई, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघे. टोकियो साडेनऊ तासांच्या आत होतं, ते तेरा तासांच्या आसपास गेलं. शीतयुद्धाच्या काळात, १९८३ मध्ये, याच कंपनीने रशिया टाळण्यासाठी डीसी-१० विमान उत्तर ध्रुवावरून टोकियोला नेलं होतं. चाळीस वर्षांनी त्यांच्या डिस्पॅचरना तेच जुने ध्रुवीय नकाशे पुन्हा उघडावे लागले. माझ्या व्यवसायातल्या त्या अनोळखी माणसांचं मला फार वाईट वाटलं.

मग एकेक कंपनी मागे सरली. व्हर्जिन अटलांटिकने २५ वर्षं चालवलेलं लंडन-शांघाय ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद केलं. त्याच महिन्यात ब्रिटिश एअरवेजने लंडन-बीजिंग थांबवलं आणि लुफ्तान्साने फ्रँकफुर्ट-बीजिंग. स्कँडिनेव्हियाच्या एसएएसने कोपनहेगन-शांघाय सोडलं. तिकडे दक्षिण गोलार्धात, जिथे रशियाच्या आकाशाचा काही संबंध नाही, तिथे क्वांटासने सिडनी-शांघाय जुलै २०२४ मध्ये गुंडाळलं, कारण काही महिने विमान जेमतेम अर्धं भरत होतं. त्याच काळात चिनी कंपन्या सिडनी, मेलबर्न, लंडन, माद्रिद, मिलान इथे विमानं वाढवत होत्या.

दीड-दोन तासांच्या फरकाने एवढं काय होतं, असं कुणी विचारेल. हा प्रश्न माझ्या टेबलावरचा आहे, म्हणून उत्तर देतो. लांब उड्डाणात एक टन जास्त इंधन घ्यायचं तर त्यातलं तीन-चारशे किलो ते वाहून नेण्यातच जळतं. म्हणजे वळसा वाढला की इंधन वाढतं, आणि ते इंधन नेण्यासाठी आणखी इंधन लागतं. वजनाची मर्यादा ठरलेली असते, मग माल उतरवावा लागतो. तरी भागलं नाही तर आसनं रिकामी ठेवावी लागतात. उड्डाण ठरावीक तासांपुढे गेलं की जादा वैमानिक आणि जादा कर्मचारी लागतात. विमान उशिरा परततं, म्हणून त्याची दुसऱ्या दिवशीची फेरी हुकते, आणि तेवढ्याच फेऱ्यांसाठी एक विमान जास्त लागतं. तिकिटावर हे काही छापलेलं नसतं. ताळेबंदात ते आपोआप उमटतं.

आता चिनी कंपन्यांच्या मुसंडीचं दुसरं कारण. कोविडच्या आधी चीन आणि अमेरिका, दोन्ही बाजूंच्या कंपन्यांना आठवड्याला प्रत्येकी दीडशेहून जास्त फेऱ्यांची मुभा होती. नंतर अमेरिकेने ती अगदी थेंबाथेंबाने परत दिली. ३१ मार्च २०२४ पासून चिनी कंपन्यांना आठवड्याला ५० फेऱ्या मिळाल्या. लगेच एप्रिलमध्ये अमेरिकेच्या विमान कंपन्या आणि वैमानिकांच्या संघटनांनी सरकारला पत्र लिहून आणखी वाढ थांबवायला सांगितली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या परिवहन खात्याने असा प्रस्ताव मांडला की, अमेरिकेला येणाऱ्या-जाणाऱ्या चिनी विमानांनी रशियावरून उडूच नये. या सगळ्यात अमेरिकेसाठी घेतलेली चीनची मोठी वाइड-बॉडी विमानं मोकळी राहिली. मोठं विमान जमिनीवर उभं ठेवणं कुणालाच परवडत नाही, त्याचा हप्ता आणि देखभाल चालूच असते. ती विमानं युरोपकडे वळली, ऑस्ट्रेलियाकडे वळली, आखाताकडे आणि मध्य आशियाकडे वळली. डिसेंबर २०२५ मध्ये चायना ईस्टर्नने शांघायहून ऑकलंडमार्गे थेट ब्वेनोस आइरेस गाठलं; परतीच्या प्रवासाला २९ तासांपर्यंत लागतात. ही विमानं अजून नवी दारं शोधत आहेत. २०२० नंतर बंद असलेलं आणि आता उघडू लागलेलं एक मोठं दार आपलं आहे.

तिसरं कारण पैशाचं. एअर चायना, चायना ईस्टर्न आणि चायना सदर्न या तिन्ही बड्या कंपन्यांची मालकी सरकारी आहे. २०२० ते २०२४ अशी सलग पाच वर्षं तिन्ही तोट्यात गेल्या, तरी त्यांची परदेशी उड्डाणं वाढत राहिली. चीनमधल्या अनेक शहरांनी आणि प्रांतांनी आपल्या विमानतळावरून परदेशी विमान जावं म्हणून वर्षानुवर्षं अनुदान दिलं आहे. हे त्यांचं धोरण आहे, त्याबद्दल त्यांना नावं ठेवायला मी हे पत्र लिहीत नाही. आपल्या सरकारनेही एअर इंडियाचा तोटा किती वर्षं सोसला, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ज्या कंपनीला पाच वर्षं तोटा होऊनही दुकान बंद करावं लागत नाही, तिच्याशी जेट एअरवेजसारख्या खासगी कंपनीची जोड लागत नाही. तुम्ही स्वतः तालमीतले. आखाड्यात जोड लावताना वस्ताद दोघांचं वजन बघतो, आणि मग हात मिळवू देतो. दोन देशांनी एकमेकांच्या विमान कंपन्यांना किती आसनं द्यायची हे हवाई करारात ठरतं, आणि तिथे ती वस्तादाची जागा तुमच्या खात्याची आहे.

जेटचं नाव सहज आलेलं नाही. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचं शेवटचं विमान मुंबईला उतरलं, तेव्हा मी पाळीवर होतो. ज्यांच्याबरोबर वीस-वीस वर्षं चहा घेतला, ती माणसं टर्मिनलबाहेर बॅगा घेऊन नुसती उभी होती. जेट बुडण्याला कारणं अनेक होती, त्यातली बरीच घरची होती. मात्र एक कारण करारांतलंही होतं. एप्रिल २०१३ मध्ये, अबू धाबीच्या एतिहाद विमान कंपनीने जेटमध्ये हिस्सा घ्यायचं ठरवलं त्याच सुमारास, अबू धाबीसाठी आठवड्याची आसनं सुमारे १३ हजारांवरून टप्प्याटप्प्याने ५० हजारांवर नेण्याचं ठरलं. दुबईची आसनं त्याआधीच भरमसाट वाढवलेली होती. २०११ मध्ये कॅगने आपल्या अहवालात या सढळपणावर बोट ठेवलं होतं. दुबईला जाणारे सगळे प्रवासी दुबईत राहायला जात नव्हते, निम्म्या विमानाला लंडन-न्यूयॉर्क गाठायचं असे.

यालाच आमच्या धंद्यात सहावं स्वातंत्र्य म्हणतात. १९४४ च्या शिकागो परिषदेनंतर हवाई हक्कांची ही क्रमवारी रूढ झाली. तिसरं आणि चौथं स्वातंत्र्य सोपं आहे: माझ्या देशातून तुझ्या देशात माणसं नेणं, तुझ्या देशातून माझ्या देशात आणणं. सहावं म्हणजे तुझ्या देशातला माणूस माझ्या विमानतळावर उतरवून, तिथून तिसऱ्याच देशात पोचवणं. करारात हे बहुतेक वेळा स्पष्ट लिहिलेलं नसतं. आसनांच्या आकड्यात ते गुपचूप शिरतं. म्हणून आसनांचा आकडा ठरवताना त्या आसनांवर बसून माणूस शेवटी कुठे जाणार, हे पाहावं लागतं. आखाताच्या बाबतीत आपण ते पाहिलं नाही. २०१४ नंतर दुबईचा आकडा आठवड्याला ६६ हजारांच्या आसपास रोखून धरला गेला, पण तोवर पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्या प्रवाशांना आखातात विमान बदलण्याची सवय लागून गेली होती.

चीनच्या बाबतीत मी आता हा प्रश्न नकाशावर ठेवून बघतो, कारण सरसकट भीती घालणं मला पटत नाही. मुंबईहून किंवा पुण्याहून फ्रँकफुर्टला जाणारा माणूस शांघायमार्गे जाणार नाही. ती उलटी दिशा आहे. युरोपच्या मार्गांवर आपल्याला चीनकडून थेट धोका नाही. धोका पूर्वेकडच्या वाटांना आहे. सिडनी, मेलबर्न, टोकियो, व्हँकुव्हर, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस या ठिकाणी चीनमधून विमान बदलून जाणं अगदी सोयीचं आहे. अमेरिकेने फेऱ्या रोखल्यामुळे तिथे सध्या बांध आहे. ऑस्ट्रेलियाला मात्र नाही. आज मेलबर्न आणि सिडनीत मराठी कुटुंबं हजारोंनी आहेत, दर हंगामात नवे विद्यार्थी जातात, दिवाळीत आजी-आजोबा जातात. ग्वांगझूमार्गे तिकीट स्वस्त मिळालं तर ते घेतील, आणि त्यांनी ते का घेऊ नये? २०२० च्या आधी माझ्या पुतण्यानेही तेच केलं होतं. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असलेल्या पोराला देशाभिमानासाठी वीस हजार रुपये जास्त दे, असं मी सांगणार नाही. हा हिशोब प्रवाशाने करायचा नाही, सरकारने करायचा आहे.

बंद पडण्याआधीचा एक आकडा तुमच्या खात्याकडे असेलच. डिसेंबर २०१९ मध्ये भारत-चीन दरम्यान महिन्याला ५३९ थेट उड्डाणं होती. त्यातली ३७१ चिनी कंपन्यांची आणि १६८ आपली. म्हणजे कागदावर दोघांना सारखे हक्क असताना प्रत्यक्षात दहातली सात उड्डाणं त्यांची. पुन्हा तेच होऊ द्यायचं का, हा तुमच्यासमोरचा पहिला प्रश्न आहे. आपल्याकडे वाइड-बॉडी विमानं शंभरही नाहीत, त्यांच्याकडे काही शेकडा आहेत. एअर इंडियाने आणि इंडिगोने मोठ्या विमानांची मागणी नोंदवली आहे. इंडिगोची तर साठ ए-३५० यायची आहेत. ती येईपर्यंतची मधली वर्षं नाजूक आहेत. या वर्षांत जे हक्क द्याल, ते नंतर परत घेता येत नाहीत.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आकाशाच्या बाबतीत आपण एका विचित्र जागी उभे आहोत. रशियाचं आकाश आपल्याला खुलं आहे. एअर इंडियाची अमेरिकेची विमानं त्यावरून जात आली आहेत, आणि तो फायदा आपण घेतलाही. अमेरिकेच्या युनायटेड कंपनीला नेवार्क-मुंबई मार्च २०२२ मध्ये थांबवावं लागलं, कारण रशियाचं आकाश तिला बंद होतं. अमेरिकेच्या कंपन्यांनी चीनबरोबर आपल्याविरुद्धही तक्रार केली होती. त्यामुळे रशियाच्या प्रश्नावर युरोपचा राग आपण उसना घेऊ शकत नाही, घेऊही नये. पण पश्चिमेकडच्या आपल्या दारात पाकिस्तान आहे. २४ एप्रिल २०२५ पासून ते आकाश भारतीय विमानांना बंद झालं. चिनी विमानांना ते खुलंच राहिलं. एअर इंडियाने सरकारला कळवलं होतं की ही बंदी वर्षभर चालली तर सुमारे ६० कोटी डॉलरचा भार पडेल. १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन बंद झालं. अमेरिकेची काही विमानं व्हिएन्ना नाहीतर कोपनहेगनला उतरून, इंधन भरून, कर्मचारी बदलून पुढे जाऊ लागली. म्हणजे युरोपच्या कंपन्यांवर जी पाळी सायबेरियामुळे आली, ती आपल्या दिल्लीवर पाकिस्तानमुळे आली. जे त्यांना चीनसमोर सोसलं नाही, ते आपण सोसतो आहोत.

२०१९ मध्ये बालाकोटनंतर हेच साडेचार महिने झालं, तेव्हा मी नोकरीत होतो. त्या काळात दिल्लीचे आमचे सहकारी रोज रात्री फोनवर असायचे. इंडिगोच्या दिल्ली-इस्तंबूल विमानाला दोह्यात इंधनासाठी उतरावं लागे. एकट्या एअर इंडियाचं नुकसान जुलैच्या सुरुवातीपर्यंत ४९१ कोटी झालं, असं तेव्हाच्या मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं होतं. मुंबईकर म्हणून तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती अजूनही खरी आहे. मुंबईहून पश्चिमेला जाणारं विमान अरबी समुद्रावरून मस्कतकडे निघतं, त्यामुळे पाकिस्तान बंद झालं तरी मुंबईचा वळसा दिल्लीपेक्षा पुष्कळ कमी पडतो. इंडिगोने मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅम जुलै २०२५ मध्ये मुंबईहून सुरू केलं. आता नवी मुंबईचं विमानतळही उघडलं आहे. जुन्या विमानतळावर एका वेळी एकच धावपट्टी वापरता येते, म्हणून तिथला प्रत्येक स्लॉट, म्हणजे विमान उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, सोन्यासारखा होता. नवी मुंबईमुळे थोडी मोकळीक आली आहे. ते चांगल्या वेळांचे स्लॉट कुणाला जाणार, हे आज ठरतं आहे. आपल्या मोठ्या विमानांना रात्री उशिरा निघून सकाळी युरोपात पोचायला जे स्लॉट लागतील, ते आधी राखून ठेवा, ही विनंती मी महाराष्ट्राचा माणूस म्हणून करतो. पुण्याला तर लांब पल्ल्याचं विमान मिळायला अजून वेळ आहे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आणि आखूड. २००८ पासून काही वर्षं लुफ्तान्साचं एक छोटं विमान फ्रँकफुर्टला जात असे, ते पुणेकरांना आठवत असेल. तसं मोठं विमान मिळेपर्यंत पुण्याची मुंबई हीच खिडकी आहे.

दिल्लीला मात्र तिसरी वाट हवी, आणि ती उत्तरेकडे आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की, चीनने लडाखच्या पलीकडच्या आपल्या शिनजियांग प्रांतातलं लष्करी आकाश भारतीय विमानांना वापरू द्यावं, यासाठी सरकारने प्रयत्न करावा, अशी एअर इंडियाची मागणी आहे. आणि अडचणीच्या वेळी तिथल्या होतान, काशगर, उरुम्की या विमानतळांवर उतरू द्यावं. पाकिस्तानच्या बंदीमुळे काही मार्गांवर इंधनाचा खर्च २९ टक्क्यांपर्यंत आणि वेळ तीन तासांपर्यंत वाढल्याचंही त्यात होतं. ही बातमी वाचून मी नकाशावर पट्टी ठेवली. दिल्लीहून सरळ उत्तरेला लडाख, काराकोरम आणि कुनलुन ओलांडलं की होतान. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात ज्याला खोतान म्हटलं आहे, तेच. तिथून पुढे कझाकस्तान, रशिया, आणि मग युरोप किंवा ध्रुवावरून अमेरिका. एका काळी व्यापारी आणि भिक्षू पायी जायचे, ती वाट.

ही वाट सोपी नाही, हेही सांगितलं पाहिजे. तीस वर्षं मी जो कागद केला, त्यातली सगळ्यात जपून भरायची ओळ पर्यायी विमानतळाची. उडत्या विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला काही मिनिटांत दहा हजार फुटांवर उतरावं लागतं, कारण ऑक्सिजनचा साठा थोडाच वेळ पुरतो. खाली वीस हजार फुटांहून उंच डोंगर असतील तर उतरायचं कुठे? म्हणून अशा मार्गावर प्रत्येक टप्प्यासाठी सुटकेची वाट आधी आखावी लागते, आणि तिच्या शेवटी एक धावपट्टी लागते जिथे उतरायची लेखी परवानगी आहे, जिथे इंधन आहे, दवाखाना आहे. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनच्या बिघाडामुळे रशियाच्या मगदानला उतरलं. दोनशेहून जास्त माणसं तिथे अडकली आणि दुसरं विमान पाठवावं लागलं. रशियाशी आपले संबंध चांगले, तरी ही अवस्था. होतानला असं काही झालं तर काय, हे आधी ठरलेलं हवं. यासाठी चीनची संमती लागते, त्यांच्या लष्कराचीही लागते. नुसत्या विमान कंपनीने मागून ती मिळणार नाही. ती सरकारनेच मिळवायची वस्तू आहे.

आणि मोहोळसाहेब, ती मिळवण्याची वेळ आत्ताच आहे. चीनला आपली बाजारपेठ हवी आहे. त्यांच्याकडे मोकळी विमानं आहेत, अमेरिकेचं दार अर्धं बंद आहे, युरोपात कुरकुर वाढली आहे. आपल्या प्रवाशांची संख्या जगात सर्वांत वेगाने वाढणाऱ्यांपैकी आहे. आपण हळूहळू आसनं देत गेलो आणि नंतर कधीतरी वाटेचं बोलू म्हटलं, तर त्या दिवशी आपल्या हातात द्यायला काही उरणार नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की, आसनं आणि वाट यांची चर्चा एकाच टेबलावर व्हावी. फेऱ्या वाढवायला हरकत नाही. पण प्रत्येक वाढीमागे शिनजियांगवरून जायची एक ठरावीक मोकळीक, आधी दिवसाला दोन उड्डाणं, मग चार, आणि तिथल्या तीन विमानतळांवर संकटकाळी उतरण्याची लेखी हमी. आपल्या कंपन्या त्यांच्या वाट्याची आसनं वापरू लागेपर्यंत दुसऱ्या बाजूची पुढची वाढ थांबावी, हेही करारात लिहून घ्या. २०१९ चा ३७१ आणि १६८ हा आकडा समोर ठेवून.

चीनने ही मागणी नाकारली तर? तर निदान आपल्याला कळेल की ते काय द्यायला तयार नाहीत, आणि आपणही त्या हिशोबाने देऊ. युरोपची चूक वेगळी होती. अशा स्पर्धेची चौकशी करता यावी म्हणून युरोपीय संघाने २०१९ मध्येच कायदा करून ठेवला होता, पण मार्ग बंद पडू लागल्यावरही तो उगारला गेला नाही. लुफ्तान्साचे कार्स्टन श्पोर आणि एअर फ्रान्स-केएलएमचे बेन स्मिथ जाहीरपणे तक्रार करत राहिले. तक्रार खरी होती, पण तोवर बीजिंग आणि शांघायच्या फेऱ्या गेलेल्या होत्या.

अजून एक गोष्ट आहे, आणि ती मला नकाशापेक्षाही जास्त अस्वस्थ करते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अरुणाचल प्रदेशात जन्मलेली आपली एक भारतीय भगिनी लंडनहून जपानला जात होती. शांघायला तिला फक्त विमान बदलायचं होतं. पासपोर्टवर जन्मस्थान अरुणाचल लिहिलेलं म्हणून तिचा पासपोर्ट ग्राह्य धरला नाही आणि तिला सुमारे अठरा तास थांबवून ठेवलं, असं तिने सांगितलं. चीनने गैरवर्तन झाल्याचं नाकारलं. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने निषेध नोंदवला आणि चीनच्या स्वतःच्याच नियमांत सर्व देशांच्या नागरिकांना चोवीस तासांपर्यंत व्हिसाशिवाय विमान बदलता येतं, याची आठवण करून दिली. ज्या विमानतळावरून जाताना आपल्या देशाच्या एका राज्यातल्या माणसाला अडवलं जाऊ शकतं, त्या विमानतळामार्गे पुढच्या देशाची तिकिटं भारतात सर्रास विकू द्यायची का? इटानगरचा मुलगा आणि सांगलीचा मुलगा यांच्याकडे एकाच रंगाचा पासपोर्ट आहे. चीनमार्गे जोडतिकीट विकायची परवानगी देण्याआधी, कुठल्याही भारतीय पासपोर्टला हरकत घेतली जाणार नाही, हे लिहून घ्या. या मुद्द्यावर घासाघीस नको, ही पहिली अट हवी.

आणि एक छोटी मागणी, जिला काही खर्च नाही. हवाई वाहतुकीवर देखरेख करणारं डीजीसीए आंतरराष्ट्रीय वाहतुकीची आकडेवारी दर तिमाहीला देतं. कुठल्या कंपनीने कुठल्या दोन शहरांत किती माणसं नेली, ते त्यात कळतं. ग्वांगझूला उतरलेला माणूस तिथेच थांबला की मेलबर्नला गेला, हे त्यातून कळत नाही. ती माहिती गोळा करून जाहीर करा. मग माझ्यासारख्याला अंदाज बांधावे लागणार नाहीत, आणि संसदेत कुणी प्रश्न विचारला तर तुमच्याकडे उत्तर असेल.

माझा पुतण्या आता मेलबर्नला स्थायिक झाला आहे. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. ग्वांगझूमार्गे पुन्हा तिकिटं दिसायला लागलीत काका, यंदा गणपतीला चौघंही येऊ म्हणतो. त्याने यावं, स्वस्तात यावं, असंच मला वाटतं. त्याच्या मुलीच्या हातात उद्या एखाद्या भारतीय कंपनीचंही तेवढ्याच दराचं तिकीट असावं, एवढीच माझी इच्छा आहे. पण तीस वर्षं मी वाटा आखल्या, आणि वाट नसलेलं विमान धावपट्टीवर कसं उभं राहतं ते डोळ्यांनी पाहिलं.

तुमची पुढची बैठक कधी आहे, हे आम्हाला कळत नाही. तिच्या फाइलमध्ये आसनांच्या तक्त्याशेजारी एक नकाशा लावा. त्यावर दिल्ली, होतान, काशगर, उरुम्की अशा चार खुणा असाव्यात, आणि सुटकेच्या वाटा लाल रेषांनी. तो नकाशा काढायला माणूस कमी पडत असेल तर मी दिल्लीला येईन, स्वतःच्या खर्चाने.

आपला नम्र,
एक निवृत्त फ्लाइट डिस्पॅचर
चिंचवड, पुणे